डाव्या हाताची लिव्हर

‘माझ्या हातानं नको. तूच लाव,’ असं म्हणून ह्यांनी कुंकवाचा करंडा माझ्याकडं सरकवला आणि उठून उंबऱ्यावर जाऊन बसले.

खंडेनवमी होती. आमच्या उचगावच्या घरात पुढची खोली बैठकीची म्हणून बांधलेली, पण तिथं बैठक कधी झालीच नाही. तिथं लेथ होतं, लोखंड फिरवून कापायचं मशीन. लग्नाच्या आधीच ह्यांनी ते जुनं विकत घेऊन, सगळं खोलून, रॉकेलनं धुऊन परत उभं केलेलं. कंपनीतून सुटून आले की चहा घ्यायचे आणि लेथपुढं उभे राहायचे. गुऱ्हाळाच्या चरकाचे बुश म्हणजे आसाभोवतीच्या नळ्या, पंपाचे शाफ्ट, असलं काय काय चालायचं. खंडेनवमीला लेथ पुसून, तेल देऊन, झेंडूचा हार घालून कुंकू स्वतः लावायचे. मला जवळ येऊ द्यायचे नाहीत. ‘तुझी पूजा तिकडं पाट्यावरवंट्याची,’ म्हणायचे.

त्या साली उन्हाळ्यात कंपनीच्या प्रेसखाली ह्यांचा उजवा हात सापडला. अंगठा गेला आणि शेजारची दोन बोटं गेली. जखम भरली, हे घरी आले, आणि लेथवर मी पोतं टाकलं ते तसंच पडून राहिलं. खंडेनवमी म्हणून काढलं एवढंच.

मी कुंकू लावलं. हात जोडले. आणि उंबऱ्याकडं बघून मोठ्यानं म्हणाले, ‘पुढच्या वर्षी ज्याचं त्यानं लावायचं. मला जमत नाही हे.’

हे उंबऱ्यावरून उठून अंगणात गेले.

मला एकच पाहिजे होतं. ह्यांनी परत त्या लेथपुढं उभं राहावं. भाकरी थापता थापता मला चुलीपासून त्यांची पाठ दिसायची. डावा पाय जरा पुढं, मान तिरकी, कान कापणाऱ्या टूलकडं. तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायचे, ते गाणं कुठलं हे मला कधी कळलं नाही. नवऱ्याचं तोंड बघायला वेळ कमीच मिळायचा, पण त्या पाठीशी मी संसार केला म्हणा ना. आता रोज तोंड दिसत होतं आणि मला ती पाठ पाहिजे होती.

दसऱ्याचं सोनं द्यायला भूपालअण्णा मगदूम आले. पंचक्रोशीतल्या गुऱ्हाळांची दुरुस्ती त्यांच्याकडं, आणि बुशचं काम वर्षानुवर्षं आमच्याकडं. सोनं देऊन झालं, पाणी पिऊन झालं, तरी उठेनात. मग हळूच म्हणाले, ‘शामराव, वाईट वाटून घेऊ नकोस. शिरोलीचा एकजण आहे, लेथ बघतोय. गंजवून काय मिळणार? सांगू का त्याला?’

हे खाली बघत होते. मान हलणार असं मला दिसलं, आणि मी स्वयंपाकघरातून ओल्या हातानं बाहेर आले.

‘लेथ विकायचं नाही, अण्णा.’

‘वहिनी, मग चरकाचे बुश कोण करून देणार मला? हंगाम तोंडावर आला.’

‘हेच देणार.’

अण्णांनी ह्यांच्याकडं बघितलं, मग ह्यांच्या हाताकडं. चांगला माणूस; तेवढ्यावरच उठला. दुसऱ्या दिवशी बुशच्या ओतीव कांड्यांचं पोतं दारात टाकून गेला. ‘दिवाळीपर्यंत वाट बघतो. नाही जमलं तर पोतं परत नेतो आणि लेथचं बोलतो,’ एवढं म्हणाला.

अण्णांची पाठ फिरल्यावर हे माझ्यावर भडकले. कितीतरी महिन्यांनी भडकले, म्हणून मला बरंच वाटलं.

‘कशाच्या जोरावर सांगितलंस? टूल बांधायला येत नाही मला! बघायचंय?’

आणि त्यांनी लेथवरचं पोतं ओढून फेकलं. जुन्या लेथवर टूल तीन बोल्टांनी आवळायचं असतं. नुसतं आवळून भागत नाही. टूलचं टोक चकात, म्हणजे फिरत्या जबड्यात, धरलेल्या कांडीच्या अगदी मध्यावर यायला पाहिजे, म्हणून खाली पत्र्याच्या, हॅक्सॉ ब्लेडच्या पट्ट्या सरकवायच्या. एक जास्त झाली तरी बिघडलं, एक कमी पडली तरी बिघडलं. एका हातानं टूल धरायचं, चिमटीत पट्टी, दुसऱ्या हातात पाना. ह्यांनी टूल ठेवलं, पट्टी उचलायला गेले, आणि चिमूटच नव्हती. पट्ट्या खाली सांडल्या, त्यावर टूल पडलं. हे तिथंच खाली बसले.

मी पट्ट्या गोळा केल्या. म्हटलं, ‘पट्ट्या लागणारच नाहीत असं काही करता येत नाही का?’

मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. पण हे बसल्या जागी पट्टीकडं बघत राहिले. मग म्हणाले, ‘खडू दे.’

खडू घेतला डाव्या हातात. शहाबादी फरशीवर रेघा वाकड्यातिकड्या आल्या, पण मला कळलं. पोलादाचा एक ठोकळा. त्याला दोन बाजूंना दोन खाचा. एका खाचेत बाहेरून कापायचं टूल, दुसरीत आतलं भोक वाढवायचं टूल. दोन्ही एकदा पक्की बसवायची आणि विसरून जायची. खाचेची उंचीच अशी ठेवायची की टूल आपोआप मध्यावर येईल. ठोकळ्याच्या मधून एक जाड खिट्टी, तिला वरून नट, आणि नटाला लिव्हर. लिव्हर सैल करायची, ठोकळा फिरवायचा, लिव्हर आवळायची. पाना नको, पट्टी नको.

‘एका हातानं!’ मी म्हणाले.

‘एका हातानं,’ हे म्हणाले.

अहो, काय सांगू मला काय झालं ते! त्या दिवशी मी शिरा केला.

दुसऱ्या दिवशी हे सायकल काढून उद्यमनगरला गेले. अपघातानंतर पहिल्यांदा. ओळखीच्या कारखान्यात ठोकळ्याला खाचा पाडून घेऊन आले. खाचा जरा उंचच ठेवलेल्या. मी विचारलं तर म्हणाले, ‘काढता येतं. काढलेलं परत घालता येत नाही.’ आणि उजवा हात खिशात घातला.

बाकीचं काम घरच्या लेथवर करायचं होतं. मी म्हटलं, ‘मग लागा.’

‘तू लागायचंस.’

‘मी? मी काय कारागीर आहे?’

‘इतकी वर्षं कंदील कोण धरून उभं होतं? हे दे म्हटलं की ते कोण देत होतं? तुला हँडल न् हँडल माहीत आहे. हात दोन आहेत तुला. मी सांगतो, तू कर. बांगड्या काढ.’

‘बांगड्या? सवाष्णीनं मोकळ्या हातानं उभं राहायचं? लोक काय म्हणतील?’

‘चकात अडकल्या तर बांगड्या घालायला हात राहायचा नाही, इंदू.’ हे इतकं हळू बोलले की मी वाद घातला नाही. हिरव्या बांगड्या एकेक करून काढल्या. ठेवायच्या कुठं म्हणून बघत होते, तर ह्यांनी डावा हात पुढं केला. ‘आण इकडं.’ मी काम करायची तोवर हे मागं स्टुलावर बांगड्या मुठीत धरून बसायचे. काम झालं की मूठ उघडायचे.

मी बुटकी. लेथपुढं उभी राहिले तर नाक चकाला लागायचं. ह्यांनी जेवायचा पाट आणून माझ्या पायाखाली घातला.

पहिल्या दिवशी चक फिरायला लागला आणि मी हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मागनं आवाज आला, ‘पळत नाही तो कुठं. हळू घे. बारीक कट.’ ठोकळ्याला भोक पाडलं, खिट्टी केली, तिला आटे पाडले. आटे पहिल्यांदा गेले फुकट, दुसऱ्यांदा जमले. ‘माठ आहेस,’ म्हणाले. ‘माठाचंच पाणी गार असतं,’ मी म्हटलं. हे हसले. शपथेवर सांगते, हसले.

लिव्हर केली तेव्हा म्हणाले, ‘लांबी किती ठेवू? धरून बघ.’

ती ह्यांच्या हातासाठी, म्हणून मी डाव्या हातानं धरली.

‘उजव्यानं धर.’

‘तुम्हाला डाव्यानं धरायचीय ना?’

‘धर म्हटलं की धर.’

मी धरली. त्यांनी माझ्या मुठीच्या वर खडूची खूण केली आणि तेवढीच कापायला लावली. मला वाटलं, मूठ ती मूठ.

ठोकळा बसवला. टूल बांधलं. ओतीव कांडीच्या तोंडावरून टूल फिरवलं तर मधोमध मोहरीएवढं टिंब राहिलं. टिंब राहिलं म्हणजे टूल मध्यावर नाही. ठोकळा उंच होता, ठरवून ठेवलेला तसा. काढायचा, खालची बाजू जराशी कापायची, परत बसवून बघायचं. मोहरीचा राजगिरा झाला. मग नुसता ठिपका. मग एका दुपारी टूल कडेपासून मध्यापर्यंत गेलं आणि काहीच राहिलं नाही. सगळं तोंड आरशावाणी साफ. हे स्टुलावरून उठून आले, डाव्या हाताच्या अंगठ्यानं तो मध्य चाचपला, आणि म्हणाले, ‘आलं.’

आता एकच राहिलं होतं. लिव्हर आवळल्यावर थांबायची ती पार पलीकडं, भिंतीकडं तोंड करून. तिथं हात पोचायचा नाही. नटाखाली एक जाड वायसर केलेला. तो जितका पातळ करावा तितका नट जास्त फिरतो आणि लिव्हर घड्याळाच्या काट्यासारखी पुढं येऊन थांबते. आधी उजवीकडं, मग पोटासमोर, मग डावीकडं. मला सगळं कळत होतं एव्हाना. डावीकडं आणायची, ह्यांच्या डाव्या हाताला. मग हे उभे राहणार. दिवाळी चार दिवसांवर आलेली आणि पोतं दारात तसंच.

वायसरला एक बारीक कट घेतला. बसवला. लिव्हर भिंतीकडून उजवीकडं आली. आणखी एक कट. आणखी पुढं आली, माझ्या उजव्या कोपराच्या समोर.

‘बस,’ हे म्हणाले. ‘झालं.’

‘झालं काय? अजून पाव फेरा पाहिजे. आत्ता तर उजव्या हाताला आलीय.’

‘असू दे.’

‘असू दे काय? तुम्ही आवळणार कशी? छातीवरून हात नेऊन?’

मी वायसर परत काढला. पाटावर चढले, चकात धरला. म्हटलं, ‘एक कट घेते आणि मोकळी होते. मग तुम्ही या इथं.’

‘घे कट,’ हे म्हणाले. ‘काढता येतं. पण मी येणार नाही, इंदू.’

मी वळून बघितलं. हे स्टुलावर बसलेले, मुठीत माझ्या बांगड्या.

‘चक फिरायला लागला की माझे पाय मागं सरतात. तू चालवतीस तेव्हापण. स्टूल बघ, पहिल्या दिवशी कुठं होतं आणि आज कुठं आहे.’

मी बघितलं. पहिल्या दिवशी स्टूल माझ्या पाठीला लागून होतं. आता ते भिंतीला टेकलं होतं.

‘मग हे कशाला केलं? कुणासाठी केलं एवढं?’

‘लिव्हर कुणाच्या हाताला आलीय?’

रडूच आलं. पाटावर उभी राहून, चकाला धरून रडले. ‘मला नको तुमचं लेथ!’ म्हणाले. ‘मला काय करायचंय लेथ? मला तुम्ही पाहिजे होता तिथं! मी काय बुशसाठी जीव टाकला होय?’

‘माहीत आहे मला.’

‘माहीत होतं तर बोलायचं होतं!’

‘बोललो असतो तर तू पाटावर चढली असतीस?’

खरं होतं ते. चढले नसते. मी हे परत यावेत म्हणून चढले, आणि हे मला तिथं उभं करून मागं सरकत गेले. विकायचं नाही असं तोंडानं मीच म्हटलेलं. मग चालवायचं कुणी, ह्याचा विचार त्यांनी केला होता.

मी वायसर चकातून सोडवला. कट घेतला नाही. बसवला तसाच. उजव्या हातानं लिव्हर छातीकडं ओढली. इतकी बरोबर बसली हाताला की मला त्या माणसाचा रागच आला. आणि पहिल्या बुशला लागले.

दिवाळीला पोतं गेलं भूपालअण्णांकडं. अण्णांनी एक बुश उचलून उजेडाला धरला, आतून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘शामराव, हात तोच आहे की रे!’ मी स्वयंपाकघरात होते. हे म्हणाले, ‘तोच नाही, अण्णा. बरा आहे.’

त्यानंतर मी लेथ चालवलं ते चालवलंच. आमची लेक वैजू त्याच्या आवाजात झोपायला शिकली. हे स्टुलावर. बघायचे नाहीत, नुसतं ऐकायचे. ‘टूल रडतंय, धार लाव,’ म्हणायचे, आणि टूल खरंच बोथट झालेलं असायचं. बांगड्या मुठीत. मी मधेच वळून बघायची. आज उठतील, उद्या उठतील. लोकांना वाटायचं, बाई कामात रमलीय. मी वाट बघत होते. दर खंडेनवमीला करंडा त्यांच्यापुढं धरायची. हे म्हणायचे, ‘तूच लाव. लेथ तुझं आहे.’ आणि मी लावायची. एकदाही उठले नाहीत. आणि मग एका वर्षी स्टूलच रिकामं झालं.

बांगड्या मी अजून घालते. घालू नयेत म्हणणारे म्हणून थकले. कामाला लागताना काढून टेबलावर ठेवते, पण सवय जात नाही. काढल्या की आधी हात मागं जातो.

परवाची गोष्ट. एक शाफ्ट लावला होता. न बघता उजवा हात लिव्हरला घातला, तर हात हवेत. लिव्हर तिथं नव्हती. खाली बघितलं. ती पोटासमोरून पुढं जाऊन डावीकडं थांबली होती. एका दिवसात नाही गेलेली. रोज आवळताना वायसर कणकण झिजतो, आटे झिजतात, आणि लिव्हर तेवढी पुढं जाते. इतक्या वर्षांत किती वेळा आवळली असेल. हात तिच्या मागोमाग सरकत गेला आणि मला पत्ता नाही. मी त्या दिवशी जो पाव फेरा कापणार होते, तो लेथनं आपणहून कापला होता.

‘आली बघा,’ मी मोठ्यानं म्हणाले. ‘अहो, आली तुमच्या हाताला.’

स्टूल भिंतीला टेकलेलं होतं. त्यावर तेलाचा डबा.

वैजू आता उद्यमनगरात स्वतःचं वर्कशॉप चालवते. रविवारी आली, तिनं बघितलं आणि माझ्यावर ओरडली. ‘आई, लिव्हर चकाकडं आलीय! हात जाईल तुझा. नवा वायसर टाक.’ तिथल्या तिथं जाड वायसर करून दिला पोरीनं. मी म्हटलं, बरं, टाकते. तो खिळ्याला अडकवून ठेवलाय.

तिचं चुकत नाही. म्हणून मी चक पूर्ण थांबल्याशिवाय हात पुढं नेत नाही. चक थांबतो, मी पाटावर उजवीकडं जराशी सरकते, आणि लिव्हर डाव्या हातानं आवळते. माझा हात तिथं उलटा पडतो, जोर लागत नाही. त्यांचा बरोबर बसला असता.